दुपारचा हादरा

प्रांजल मेटकरी सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला होती. कारखाना मोठा नव्हता. तिथं सिरॅमिकच्या पांढऱ्या, नखाइतक्या पातळ प्लेटा तयार व्हायच्या. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये त्या बसतात. त्यांच्यावर तांब्याचे पट्टे चढवले जातात आणि त्या पट्ट्यांमधून वीज धावते. प्लेटवर कुठं ओरखडा किंवा बारीक उंचवटा राहिला, की तिथं तांबं नीट बसत नाही आणि गाडी तापली की सुटतं. म्हणून प्रत्येक खेपेतल्या काही प्लेटा निवडून त्यांचा पृष्ठभाग मोजायचा, हे प्रांजलचं काम.

मोजायचं यंत्र प्लेटला हातही लावत नसे. वरून प्रकाश सोडायचा. त्यातला अर्धा प्लेटवरून परत यायचा, अर्धा यंत्रातल्याच एका आरशावरून. दोन्ही एकत्र आले की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या रेषा उमटायच्या. प्लेट गुळगुळीत असली की रेषा सरळ, एकीला एक लागून. जिथं खड्डा किंवा उंचवटा असेल तिथं वाकायच्या. त्या वाकण्यावरून केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाइतकं वर-खालीही कळायचं.

यंत्र आल्यावर कारखान्याचे मालक हंबीरराव यांनी नारळ फोडून पेढे वाटले होते. प्रांजल आटपाडीची. घरातली इंजिनिअर झालेली पहिलीच. यंत्राचं प्रशिक्षण घ्यायला हंबीररावांनी तिलाच पुण्याला पाठवलं, त्यामुळं यंत्रावर तिचा जीव होता. सकाळी आल्या आल्या ती त्याच्या काचेवरची धूळ फुंकणीनं उडवायची, खोलीचं तापमान बघायची आणि मग चपला बाहेर काढून आत यायची.

दिवाळीनंतर मात्र घोळ सुरू झाला. सकाळी मोजलेल्या प्लेटा चांगल्या निघायच्या आणि जेवणानंतर मोजलेल्या त्याच खेपेतल्या प्लेटांवर नांगरट केल्यासारखे चर दिसायचे. एकदा तर तिनं सकाळी पास केलेली प्लेट दुपारी परत ठेवून बघितली. तीच प्लेट, तीच जागा, आणि आता नापास.

साताऱ्याची कंपनी या प्लेटांची मोठी गिऱ्हाईक होती. तिथला तपासनीस महेंद्र याचा फोन आला. "मॅडम, तुमचे आकडे आणि आमचे आकडे जुळत नाहीत. तुम्ही नापास केलेल्या दोन प्लेटा नमुना म्हणून पाठवल्या होत्या ना? आमच्याकडं त्या पास आहेत. तुमचं यंत्र बरोबर का आमचं?"

"बघते," प्रांजल म्हणाली.

हंबीरराव टेबलावर भडंगाचा डबा उघडून बसले होते. त्यांनी तिला समोर बसवलं. "प्रांजल, हे बघ, साताऱ्याचं काम गेलं तर मला पॉलिशिंगचं निम्मं खातं बंद करावं लागंल. यंत्रात काय बिघाड असंल तर सांग. तुझ्या मोजण्यात असंल तर तेही सांग. पण लवकर सांग."

तिनं एकेक गोष्ट तपासली. एसी बंद करून बघितला. मागचा कॉम्प्रेसर बंद करायला लावला. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते, ते कधी जातात यावर नजर ठेवली. काही जुळेना. शेवटी एका दुपारी तिनं मोजणी थांबवली आणि प्लेट यंत्राखाली ठेवून नुसती रेषांकडं बघत बसली.

आधी काहीच नव्हतं. रेषा स्तब्ध होत्या. मग एकदम हलल्या. सगळ्या मिळून एका बाजूला सरकल्या, परत आल्या, परत सरकल्या. जरा थांबल्या. पुन्हा तसंच. यंत्राखालचं टेबल हवेच्या उशांवर ठेवलेलं होतं. गाड्यांची, मशिनांची भरभर थरथर ते पोटात घ्यायचं. पण हा हादरा संथ होता, आणि संथ हादरा त्या टेबलाला पेलत नसे. उलट ते त्याच्याबरोबर डुलायला लागायचं.

प्रांजल बघत राहिली आणि नकळत तिची बोटं टेबलाच्या कडेवर पडायला लागली. दोन जड, एक हलका, मग जरा दम. दोन जड, एक हलका, दम. हे तिला माहीत होतं. लहानपणी जत्रेत वडिलांच्या खांद्यावर बसून तिनं हे ऐकलं होतं. तिची टाच वडिलांच्या छातीवर याच ठेक्यात आपटायची आणि ते हसून तिचा पाय धरायचे.

हा गजीचा ढोल होता. धनगरांच्या गजी नाचाचा.

खोली बंद होती, दाराला रबराची पट्टी होती. आत काही ऐकू येत नव्हतं, आणि बाकी कारखान्यात मशिनांचा आवाज असायचा. ती बाहेर आली, कारखान्याच्या मागच्या भिंतीपाशी गेली, आणि तिथं पलीकडून ढोल स्पष्ट ऐकू आला.

भिंतीपलीकडं कर्णबधिर मुलांची निवासी शाळा होती, हे तिला ठाऊक होतं. पण तिथं ढोल कोण वाजवणार आणि कोण ऐकणार, हे काही तिला उमगेना. ती फाटकातून वळसा घालून शाळेत गेली.

मागच्या बाजूला पत्र्याची लांब शेड होती. आत जमिनीवर लाकडी फळ्या बसवलेल्या होत्या. सांगलीतलं एक जुनं नाट्यगृह पाडलं तेव्हा रंगमंचाच्या फळ्या कुणीतरी शाळेला दिल्या होत्या. त्या फळ्यांवर मधोमध एक म्हातारा बसला होता. अंगात शाळेच्या माळ्याचा खाकी शर्ट, खाली धोतर. ढोल त्यानं गळ्यात अडकवला नव्हता, फळ्यांवरच आडवा टेकवला होता आणि एका हातात काठी, दुसऱ्या हाताचा पंजा असा वाजवत होता. भोवती मुलं-मुली अनवाणी गोल धरून नाचत होती. प्रत्येकाच्या हातात रंगीत रुमाल. जड ठोका पडला की सगळ्यांचे पाय एकदम खाली यायचे. एकाचाही चुकत नव्हता.

दाराशी उभ्या असलेल्या शिक्षिका तिच्याजवळ आल्या. त्यांचं नाव पल्लवी. "कानानं नाही, पायानं घेतात ठेका," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जसं काही मुलांना व्यत्यय येईल. "फळ्यांतून येतो त्यांना. आमच्या या धुळामामांनी सुरू केलं हे दिवाळीनंतर. आधी आम्ही लेझीम घ्यायचो, मी समोर हात करून मोजायची, मुलं माझ्याकडं बघत बसायची. आता बघा, कुणी माझ्याकडं बघत नाही."

नाचात सगळ्यांत पुढं एक दहाएक वर्षांची सडपातळ मुलगी होती. तिचे डोळे मिटलेले होते.

"ती अक्षता. मामांची नात."

ढोल थांबला. मुलं धापा टाकत हसायला लागली. धुळामामा रुमालानं मान पुसत प्रांजलकडं आला. "कुटनं आलासा, बाई?"

"शेजारच्या कंपनीतनं, मामा. पर मूळची आटपाडीची."

"आटपाडीची?" त्याचा चेहरा उजळला. "आमी जतचं. म्हंजी शेजारचंच की! तुमच्याकडं बी गजी हाय की."

"हाय तर. मी ठेक्यावरनंच वळखलं."

मग त्यानं तिला बसवलं, चहा सांगितला आणि आपलं सगळं सांगितलं. त्याचा मुलगा आणि सून मेंढरं घेऊन वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर असतात. अक्षताही लहानपणी त्यांच्याबरोबर असायची. पण रस्त्यानं कळप चालला की मागून येणारी गाडी तिला ऐकू यायची नाही. एकदा ट्रकच्या अगदी तोंडाशी सापडली, कुत्र्यानं झग्याला धरून ओढली म्हणून वाचली. त्यानंतर तिला या शाळेत आणलं. ती राहीना. जेवेना, रात्रंदिवस फाटकाकडं बघत बसायची. तेव्हा धुळामामानं शाळेत माळ्याची जागा मागून घेतली आणि गावाकडचा ढोल उचलून इकडं आला.

"पयल्यांदा ढोल वाजिवला तवा ही तिकडं कोपऱ्यात बसलीती," त्यानं फळ्यांकडं हात केला. "एकदम उटून हुबी ऱ्हायली. मला वाटलं ऐकाय आलं का काय पोरीला! माज्याकडं आली आन् ढोलावर दोनी हात ठिवलं. त्या दिशी ती जेवली बगा."

प्रांजलच्या हातात चहाचा कप तसाच राहिला. आपण कशाला आलो होतो ते कसं सांगायचं, हे तिला कळेना. पण धुळामामानं तिच्या तोंडाकडं बघून स्वतःच विचारलं.

"आवाजाचा तरास हुतोय व्हय तुमास्नी?"

"आवाजाचा न्हाई मामा. हादऱ्याचा." मग तिनं सांगितलं. यंत्र उजेडानं कसं मोजतं, रेषा कशा हलतात, चांगल्या प्लेटा वाईट कशा दिसतात. साताऱ्याचं कामही सांगितलं. सांगताना तिला स्वतःचाच राग येत होता.

धुळामामानं नीट ऐकून घेतलं. मग ढोलाकडं बघत म्हणाला, "तितं किती मानसं हाईत कामाला?"

"चाळीसेक."

"मग ऱ्हाऊ द्या." त्यानं ढोलाची काठी उचलून खुंटीला अडकवली. "कुनाच्या पोटावर पाय देऊन नाच करायचा आसतोय व्हय?"

"मामा, मी बंद करा म्हनाय न्हाई आले. काय तरी मार्ग काढू—"

"काडा की. मार्ग निगंस्तवर बंद."

दुसऱ्या दिवशी दुपारी रेषा स्तब्ध राहिल्या. तिसऱ्या दिवशीही. साताऱ्याचे आणि इकडचे आकडे जुळायला लागले. महेंद्रनं फोन करून, काय केलंत म्हणून विचारलं. हंबीररावांनी केबिनमधून भडंगाचा डबा पाठवला. प्रांजल यंत्रासमोर बसून त्या सरळ, गप्प रेषांकडं बघायची आणि तिला बरं वाटायचं नाही. कारण तिलाच कळत होतं, की भिंतीपलीकडं आता नुसत्या फळ्या आहेत.

आठवडा उलटला असेल. संध्याकाळी कारखान्यातून बाहेर पडताना रस्त्यावर पल्लवीबाई भेटल्या. भाजीची पिशवी हातात, घाईत होत्या. प्रांजलनं मुलांचं विचारलं तशा थांबल्या.

"तुम्हाला वेळ आहे का?" त्या म्हणाल्या. "एक दाखवायचंय."

शेडमध्ये ढोल कोपऱ्यात ठेवलेला होता. त्याच्यावर घोंगडी पांघरलेली होती, कडा नीट खोचलेल्या. एका बाजूला पाण्याचा पेला. पल्लवीबाईंनी घोंगडीचं टोक उचललं. ढोलाच्या चामड्यावर हळदीचा लेप होता, वाळून पिवळाधमक झालेला, त्यात बारक्या बोटांचे ठसे.

"मामांनी मुलांना खुणेनं सांगितलं, ढोलाला बरं नाही म्हणून. शेजारच्या कंपनीमुळं बंद केला असं सांगितलं तर मुलं तुमच्या लोकांकडं रागानं बघतील, असं म्हणाले. तर मुलांनी स्वयंपाकघरातनं हळद आणली. रोज एकेकाची पाळी असते बसायची. आता माझी बारी संपली की मी जेवायला जातो, असं खुणावून सांगतात मला." पल्लवीबाईंनी घोंगडी परत नीट खोचली. "बाकीच्यांचं ठीक आहे. अक्षता मात्र दुपारी इथं येऊन फळ्यांवर तळहात टेकून बसते. उठत नाही. जेवण परत कमी झालंय."

प्रांजल त्या रात्री नीट झोपली नाही. सकाळी सगळ्यात आधी हंबीररावांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, मोजणीची वेळ बदलायची आहे."

"का? आता तर सगळं सुरळीत झालंय."

तिनं सगळं सांगितलं, हळदीसकट. हंबीरराव म्हणाले, "अगं, मला काय मुलांचं वाईट वाटत न्हाई व्हय? पण पॉलिशिंगवरनं निम्म्याहून जास्त प्लेटा उतरतात दुपारी. धुऊन, वाळवून तुझ्याकडं यायला एक-दीड वाजतो. दुपारी मोजायच्या न्हाईत तर कवा मोजायच्या?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी. आज उतरलेल्या उद्या."

"आणि एक दिवस मागं पडायचं? साताऱ्याला काय सांगू, शेजारी ढोल वाजतो म्हणून उशीर झाला?"

"एक दिवस पहिल्यांदा मागं पडेल, सर. नंतर रोज आदल्या दिवशीचं जाईल."

हंबीररावांनी मान हलवली. ती हो म्हणायची नव्हती आणि नाही म्हणायचीही नव्हती. "बघू."

ती दारापर्यंत गेली आणि परत वळली. "एक परवानगी द्या मग. एका दुपारी मुलांना यंत्र बघायला आणते. त्यांचा तो आजारी ढोल कुठं पोचत होता, ते तरी बघू देत."

"आण. तेवढं आण," हंबीरराव म्हणाले. होकार न दिल्याचं ओझं जरा कमी झाल्यासारखं त्यांच्या आवाजात वाटलं.

मुलं आली त्या दिवशी नेमका साताऱ्याहून महेंद्रही आला. फोन न करताच आला होता. आकडे जुळले खरे, पण आधी का जुळत नव्हते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. महेंद्र मूळचा फलटणकडचा, बोलायला शांत. मुलं चपला काढून एकेक करून आत येत होती, ते बघून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

प्रांजलनं प्लेट यंत्राखाली ठेवली. पडद्यावर रेषा उमटल्या. पल्लवीबाईंनी खुणांनी समजावलं: ही एक पांढरी प्लेट आहे, ती किती सपाट आहे ते उजेड सांगतो. मुलांनी माना डोलावल्या. फारसं कुणाला काही वाटलं नाही. मग प्रांजलनं शेडमध्ये थांबलेल्या धुळामामाला फोन केला. "मामा, वाजवा आता."

रेषा हलल्या.

मुलं आधी दचकली. एकानं मागं सरून यंत्राकडं बोट दाखवलं, मोडलं की काय म्हणून. रेषा सरकत होत्या, परत येत होत्या, जरा थांबत होत्या. अक्षता मागं उभी होती, तिला नीट दिसत नव्हतं. महेंद्रनं कोपऱ्यातला स्टूल उचलून आणला आणि तिला हात धरून त्याच्यावर उभं केलं.

तिनं बघितलं. थोडा वेळ नुसतं बघितलं. मग तिचा उजवा पाय स्टुलावर पडला. दोन जड, एक हलका. तिनं वळून पल्लवीबाईंकडं बघितलं, हाताच्या दोन बोटांनी मिशीला पीळ दिल्याची खूण केली आणि पडद्याकडं बोट दाखवलं.

"आजोबा," पल्लवीबाई म्हणाल्या. "ती म्हणते, हे माझे आजोबा आहेत."

मग सगळ्यांनाच कळलं. खोलीत मुलांचे पाय पडायला लागले. रेषा आणखीच जोरात उसळल्या, कारण आता हादरा भिंतीपलीकडूनही येत होता आणि खोलीतूनही. अक्षतानं हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळे थांबले की पडद्यावर एकटा आजोबा राहायचा. परत नाचायला सांगितलं की सगळे त्यात मिसळायचे. असं तिनं किती वेळा तरी केलं. ढोल बरा झाला, असं एक मुलगी दुसरीला खुणेनं सांगत होती.

दारात हंबीरराव उभे होते. कधी येऊन उभे राहिले, कुणालाच कळलं नव्हतं. त्यांनी पायातले बूट काढून हातात धरले होते.

महेंद्र प्रांजलजवळ आला. "म्हणजे दुपारच्या नापास प्लेटा—"

"चांगल्या असणार," प्रांजल म्हणाली. "चूक प्लेटांची नव्हती. मोजणी आमची चुकत होती. हादरा प्लेटवर दिसत होता. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

"त्या प्लेटा आहेत अजून?"

"भंगारात टाकायच्या म्हणून बाजूला ठेवल्यात. खोकी भरलीत."

"मी उद्या सकाळपर्यंत थांबतो," महेंद्र म्हणाला. "माझी बहीण इथं सांगलीत विश्रामबागला आहे, तिच्याकडं जेवायला जातो. सकाळी दोघं मिळून परत मोजू."

सकाळी त्यांनी खोकी उघडून मोजायला सुरुवात केली. काही प्लेटा खरोखरच वाईट होत्या, पण बहुतेक सगळ्या पास झाल्या. महेंद्रनं साताऱ्याला फोन लावून तसं कळवलं आणि प्रांजलला त्या पाठवायला सांगितल्या. हंबीरराव खोलीच्या दाराशी येरझाऱ्या घालत होते. शेवटी आत डोकावून म्हणाले, "प्रांजल, पॉलिशिंगवाल्यांना सांग, आजपासनं उतरलेल्या प्लेटा रात्रभर कपाटात. मोजणी सकाळी. दुपारी यंत्र बंद." आणि जाता जाता म्हणाले, "आणि त्या म्हाताऱ्याला सांग, जोरात वाजवत जा म्हणावं. आमच्याकडं ऐकू येत न्हाई."

त्या दुपारी मुलांनी ढोलाची हळद ओल्या फडक्यानं पुसून काढली. धुळामामानं काठी खुंटीवरून उतरवली. प्रांजल शेडच्या दारात उभी होती. अक्षता तिच्याकडं आली, तिचा हात धरून तिला फळ्यांवर ओढलं आणि तिच्या पायांकडं बोट दाखवलं. चपला काढ. प्रांजलनं चपला काढल्या. कितीतरी वर्षांनी ती गजी नाचली, आणि पहिल्याच फेरीत तिचाच पाय चुकला. मुलं पोट धरून हसली.

तेव्हापासून दुपारची चहाची सुट्टी ती शेडमध्येच घालवायला लागली. खुणा शिकली. मुलांनी तिलाही एक खूण दिली: दोन्ही हातांची बोटं पसरून लाटेसारखी हलवायची. शाळेत ती दिसली की लांबूनच सगळ्यांचे हात हलायचे.

उन्हाळा लागला आणि धुळामामा आजारी पडला. ताप उतरेना, म्हणून त्याला मिरजेला दवाखान्यात ठेवलं. मुलगा कळप सोडून धावत आला. अक्षता एकदा भेटून आली आणि परत आल्यापासून गप्प होती. त्या दुपारी पल्लवीबाईंचा प्रांजलला मेसेज आला: मुलं शेडमध्ये येऊन बसली आहेत, काय करू?

प्रांजल गेली. ढोलासमोर बसली, काठी हातात घेतली. ठेका तिला डोक्यात पाठ होता, हातात नव्हता. काठी एकीकडं पडायची, पंजा दुसरीकडं. मुलं उभी राहिली, दोन पावलं टाकली आणि थांबली. एकमेकांकडं बघायला लागली. एकानं प्रांजलकडं बघून नाक मुरडलं.

अक्षता गोलातून बाहेर आली. तिनं प्रांजलच्या हातातली काठी काढून घेतली. रागानं नाही, सावकाश, आईनं लेकराच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी. मग ती ढोलामागं बसली, डाव्या पायाची टाच फळीवर घट्ट टेकवली, डावा गुडघा ढोलाला लावला आणि वाजवायला सुरुवात केली.

पहिले ठोके जपून होते. ती वाजवायची, थांबायची, गुडघ्याला किती हादरा आला ते बघायची. हळूहळू थांबणं कमी झालं. दोन जड, एक हलका. मुलांचे पाय आपोआप उचलले. पल्लवीबाईंनी तोंडावर हात धरला. या मुलीनं ढोल आयुष्यात कधी ऐकला नव्हता, आणि तो आता सगळ्या आवाराला ऐकू जात होता. कारखान्याच्या पॉलिशिंग खात्यातली माणसं भिंतीपाशी येऊन उभी राहिली.

प्रांजलनं मिरजेला व्हिडिओ कॉल लावला. मुलानं फोन बापाच्या तोंडापुढं धरला. धुळामामाचा चेहरा खंगला होता. त्यानं नात बघितली, तिच्या हातातली काठी बघितली. मग त्यानं डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिला.

मागून एका नर्सचा आवाज आला. "आजोबा, आवाज कमी करा जरा. वॉर्ड आहे हा."

"ऱ्हाऊ द्या वं ताई," शेजारच्या खाटेवरचा कुणीतरी म्हणाला. "लय दिसांनी ऐकतोय. वाजू द्या."

ढोल वाजत राहिला. धुळामामाच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळत होतं आणि ते पुसायला त्याचा हात उठत नव्हता.

पावसाच्या तोंडाला तो बरा होऊन परत आला. पहिल्याच दिवशी शेडमध्ये गेला. अक्षतानं काठी त्याच्यापुढं धरली. त्यानं ती तिलाच परत दिली आणि फळ्यांवर टेकून ऐकत बसला. एक फेरी झाल्यावर त्यानं पल्लवीबाईंना बोलावलं.

"बाई, तिला सांगा, तिसरा ठोका जरा लौकर येतोय. हलका ठोका वाईच थांबून टाकायचा."

पल्लवीबाईंनी सांगितलं. अक्षतानं मान हलवली आणि ठामपणे खुणा केल्या. पल्लवीबाई हसायला लागल्या.

"मामा, ती म्हणते, लवकर नाही. नाचणाऱ्यांचे पाय तेव्हाच उचलायला लागतात, ते फळीतून तिला आधी कळतं. म्हणून ती तेव्हाच टाकते. तुम्ही म्हणे नाचून बघा."

धुळामामा उठला. त्यानं बाजूच्या पोराकडून एक लाल रुमाल मागून घेतला, चपला काढल्या आणि गोलात जाऊन उभा राहिला. अशक्त पाय होते, त्यामुळं सावकाश नाचला. तिसरा ठोका आला तेव्हा त्याचा पाय नेमका उचलायलाच लागला होता.

त्यानं मागं वळून नातीकडं बघितलं आणि मान डोलावली. मग तो तिच्याच ठेक्यावर नाचत राहिला.